ताशा चांगला वाजतो, म्हणून प्रमुख?
पुण्यातल्या ढोल-ताशा पथकांच्या प्रमुखांना खुले पत्र

पथकप्रमुखांनो,



वाद्यपूजनाचे फलक आता लागू लागतील. नदीपात्रातल्या मोकळ्या जागा ठरतील, गोदामातून ढोल बाहेर निघतील, फाटकी पानं बदलली जातील, आणि नवीन वादकांची नोंदणी सुरू झाल्याचा निरोप पथकाच्या बोधचिन्हासकट मोबाईलवरून फिरायला लागेल. याच दिवसांत तुम्ही आणखी एक काम उरकता, त्याचा फलक मात्र कुठे लागत नाही. यंदा ढोलप्रमुख कोण, ताशाप्रमुख कोण, ध्वजाकडे कोण बघणार, नव्या पोरांना कोण शिकवणार, हे बहुतेक ठिकाणी सरावानंतर टपरीवर चहा पिता पिता ठरतं. कटिंग संपायच्या आत ठरतं. त्या एका कटिंगबद्दल हे पत्र आहे.

मी महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवते, आणि विद्यार्थिनी असताना ताशा वाजवायचे. त्यामुळे पथकाकडे बघायच्या माझ्या दोन जागा आहेत. श्रावण लागला की वर्गात बोटांना चिकटपट्ट्या गुंडाळलेली मुलं-मुली दिसायला लागतात. सकाळच्या तासाला त्यांचे डोळे मिटत असतात, पण संध्याकाळी सहाला सरावाला हजर. वर्गात तोंड न उघडणारी पोरगी पथकात टेम्पोवाल्याशी भाड्यावरून हुज्जत घालताना मी पाहिली आहे. मुलांना इतकं काही शिकवणारी जागा या शहरात दुसरी फारशी उरलेली नाही, असं माझं मत आहे. म्हणूनच पुढचं सगळं लिहायचा खटाटोप.

ज्याचा हात सर्वांत चांगला तो प्रमुख, हा आपला अलिखित नियम. ताशावर काड्यांची तर्री सलग आणि स्वच्छ निघते ना, मग दे त्याच्याकडे ताशे. मला हा नियम मान्य नाही. चांगल्या वादकाचं लक्ष स्वतःच्या काड्यांवर असतं, आणि असायलाच हवं. प्रमुखाचं लक्ष बाकी सगळ्यांच्या काड्यांवर असावं लागतं. ही दोन्ही कौशल्यं एका माणसात सापडतात, नाही असं नाही, पण एक आहे म्हणून दुसरं असेलच असं धरून चालणं म्हणजे जुगार आहे. आणि दर वर्षी आपण तो खेळतो.

आधी थोडं माझ्या विषयातलं सांगते, कारण पथकाला प्रमुख लागतो कशाला याचं उत्तर तिथूनच निघतं. हवेत आवाज सेकंदाला साधारण 340 मीटर जातो. शंभर-सव्वाशे वादकांचं पथक लक्ष्मी रस्त्यावर रांगा लावून उभं राहिलं की पहिल्या ताशापासून शेवटच्या ढोलापर्यंत पस्तीस-चाळीस मीटर सहज भरतात. पुढे काडी पडली की तिचा आवाज मागे पोचायला सेकंदाचा दहावा भाग लागतो. ऐकायला हे काहीच वाटत नाही. पण मिनिटाला 120 ठोक्यांच्या लयीत दोन ठोक्यांमधलं अंतर अर्ध्या सेकंदाचं असतं, आणि त्यातला पाचवा हिस्सा असा नुसता वाटेत खर्च होतो. शेवटच्या रांगेतलं पोरगं अगदी प्रामाणिकपणे ऐकून वाजवत असलं तरी मागे पडणारच. त्याच्या ढोलाचा आवाज पुढे यायला पुन्हा तेवढाच वेळ लागतो, म्हणून पुढच्यांना ते दुप्पट मागे वाटतं. शिवाय दोन्ही बाजूंच्या इमारतींवरून परतणारा आवाज आहेच. मग पुढचे मागच्यांवर डोळे वटारतात, मागचे घाई करतात, पुढचे त्यांच्या पुढे पळतात, आणि बेलबाग चौकात संथ सुरू झालेला हात, म्हणजे वादनाचा ठरलेला तुकडा, शंभर पावलांत हाताबाहेर जातो. दोष कोणाचाच नसतो.

यावर उपाय आहे तो नजरेचा. वर गेलेला हात, टोलाच्या गाडीवर उगारलेला हातोडा, ध्वजाची काठी, ही शेवटच्या रांगेला त्याच क्षणी दिसतात. इतक्या गदारोळात पथक एकत्र राहतं ते बघून, ऐकण्यावर विसंबून राहत नाही. म्हणजे प्रमुख सगळ्यांना दिसला पाहिजे, आणि त्यालाही सगळे दिसले पाहिजेत. त्याचं तोंड वादकांकडे आणि पाठ गर्दीकडे असली पाहिजे. आता गेल्या दोन-तीन वर्षांतली तुमच्याच पथकाची रीळं काढून बघा. प्रमुखाचं तोंड कुठे आहे? बहुतेक वेळा कॅमेऱ्याकडे. गॉगल, फेटा, कपाळावर चंद्रकोर, एक हात हवेत, आणि मागे सव्वाशे जण त्याच्या पाठीकडे बघून अंदाजाने वाजवताहेत. चित्र देखणं असतं, यात वाद नाही.

प्रमुखाची पहिली परीक्षा वाजवण्यात नसतेच. ती थांबवण्यात असते. सुरू करणं सोपं आहे. ताशाने उठाण घेतली की अंगात वारं शिरतं, कोणाला सांगावं लागत नाही. पण रंगात आलेलं पथक एका इशाऱ्यावर, एका ठोक्यावर गप्प करता येणं, याला वेगळं वजन लागतं. आणि त्याची गरज दर वर्षी पडते. रुग्णवाहिका येते. कोणी चक्कर येऊन पडतं. दोरीच्या बाहेर रेटारेटी होऊन म्हातारं माणूस खाली जातं. सोळा-सतरा वर्षांच्या पोरीच्या कंबरेला ढोलाचा दोर रुतलेला असतो आणि ती कमीपणा वाटेल म्हणून बोलत नाही. मिरवणुकीत पुण्याची गर्दी रुग्णवाहिकेला दुभंगून वाट देते, याचं आपल्याला कौतुक आहे. त्या वेळी पथकातही कोणीतरी हात वर करून सगळ्यांना बाजूला घेतलेलं असतं. त्याचं नाव कोणी विचारत नाही.

म्हणून माझी पहिली सूचना. सरावात वाजवणं बसवता तसं थांबवणंही बसवा. रोज एकदा, कधीही, न सांगता. आणि इशारा दर वेळी प्रमुखानेच द्यायचा असं नाही. आज तिसऱ्या रांगेतली मुलगी देईल, उद्या झांजेचा पोरगा. ज्याच्या इशाऱ्यावर पथक खरंच थांबतं, आणि थांबल्यावर चिडत नाही, त्याच्यात काहीतरी आहे हे तुम्हाला पंधरवड्यात कळेल. टपरीवर नाव ठरवण्यापेक्षा ही निवड बरी.

थांबायचं कधी, हे आपण ठरवलं नाही तर दुसरं कोणीतरी ठरवतं. 30 ऑगस्ट 2024 ला राष्ट्रीय हरित लवादाच्या पुण्यातल्या खंडपीठाने पथकात तीसपेक्षा जास्त माणसं नकोत असा आदेश दिला. गणेश चतुर्थी आठवड्यावर होती. सर्वोच्च न्यायालयाने 12 सप्टेंबरला त्याला स्थगिती दिली आणि 17 तारखेची मिरवणूक नेहमीसारखी निघाली. आपण सगळे आनंदलो, मीही. पण त्या दोन आठवड्यांत पथकांच्या गटांवर जे लिहिलं जात होतं त्यात आवाजाची तक्रार करणाऱ्यांना शिव्या होत्या आणि परंपरेच्या आणाभाका होत्या. नदीकाठच्या सोसायटीत दोन महिने रोज संध्याकाळी आमचा सराव ऐकणारी माणसं नेमकी काय सहन करतात, हा प्रश्न क्वचित दिसला. एखाद्या पथकाने सराव सुरू व्हायच्या आधी आपल्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या चार पोरांना त्या सोसायटीच्या अध्यक्षांकडे पाठवलं, वेळापत्रक हातात दिलं, घरात आजारी कोणी आहे का, बारावीचं कोणी आहे का असं विचारलं, तर त्या चार पोरांना जे शिकायला मिळेल ते माझ्या चार वर्षांच्या व्याख्यानांतून मिळणार नाही. पण असल्या भेटींना तुम्ही एकटे जाता. पोलीस चौकीत तुम्ही, मंडळाच्या बैठकीला तुम्ही, वादनाची सुपारी ठरवायला तुम्ही. पोरं बाहेर गाड्यांवर बसून वाट बघतात.

यात थोडं इतिहासाचंही आहे. विसर्जन मिरवणुकीत पूर्वी वाजवायला यायचे ते मुळशी-मावळातल्या गावांमधले ढोल-ताशेवाले. शाळकरी मुलांच्या गळ्यात ढोल आला तो नंतर, आणि त्यात ज्ञान प्रबोधिनीचा वाटा मोठा. आप्पा पेंडसे यांनी 1962 मध्ये ती संस्था सुरू केली तीच मुळी हुशार मुलांमधून समाजाचं नेतृत्व घडवायचं म्हणून. बरची नृत्य, ढोल, ताशा हे त्या शिक्षणाचे भाग होते, शिक्षण झाल्यावरची करमणूक नव्हती. मग रमणबाग, गरवारे अशा शाळांची पथकं झाली, त्यांच्या माजी विद्यार्थ्यांनी आपापली काढली, आणि त्यातून आजचा हा पसारा उभा राहिला. सांगायचा मुद्दा असा की पुण्यातलं पथक हे जन्मापासून विद्यार्थ्यांचं आहे आणि पुढारी घडवणं हे त्याच्या मुळाशी आहे. आपण वाद्यं वाढवली, पोशाख वाढवले, ध्वजांची उंची वाढवली. ज्यासाठी ही सगळी उठाठेव सुरू झाली होती ते काम मात्र चहाच्या टपरीवर सोडून दिलं.

मग प्रमुख घडवायचा कसा? एखाद्या रविवारी व्यक्तिमत्त्व विकासाचं शिबिर ठेवून तर नक्कीच नाही. पाहुणा वक्ता येतो, महाराजांचे दोन प्रसंग सांगतो, टाळ्या होतात. काही हरकत नाही, पण त्याने काही होत नाही.

माणूस घडतो तो लहान कामाची पूर्ण जबाबदारी अंगावर पडल्यावर. मी पाहिलेल्या पथकांपैकी एकात साधी रीत होती. दुसऱ्या वर्षाच्या प्रत्येक वादकाकडे पाच नवे. त्यांची हजेरी, त्यांच्या घरचे फोन नंबर, रात्री कोण कोणाबरोबर घरी जाणार, कोणाचा पहिला हात बसला आणि कोणाचा डावा अजून अडखळतो, सगळं त्या एकाने सांगायचं. प्रमुख त्या नव्यांशी थेट बोलायचा नाही. तक्रार असली तरी त्या दुसऱ्या वर्षाच्या मुलाकडेच. सुरुवातीला गोंधळ व्हायचा. कोणी आपल्या पाचांचे लाड करायचं, कोणी हवालदारासारखं वागायचं. पण अनंत चतुर्दशीपर्यंत कोण पुढे काय करू शकेल हे उघड व्हायचं, आणि जे उघड व्हायचं ते पुष्कळदा अनपेक्षित असायचं. ढोलात मध्यम असणारा, आवाज न चढवणारा एखादा मुलगा आणि त्याच्या पाचांपैकी एकही गळालेला नाही. असा मुलगा टपरीवरच्या निवडीत कधीच सापडत नाही.

शिकवण्याचंही तसंच. नवा हात बसवायचा तर आपण तो सर्वांत सफाईने वाजवणाऱ्याकडे देतो. त्याला तो केव्हाच रक्तात मुरलेला असतो, आपण कुठे अडखळलो होतो हे त्याच्या लक्षातही नसतं. तो वाजवून दाखवतो, पुन्हा वाजवून दाखवतो, आणि मग वैतागतो. गेल्या वर्षी ज्याला तो हात सर्वांत उशिरा बसला त्याच्याकडे एकदा देऊन बघा. कुठे वजन चुकतं, टिपरूची काडी कुठे घाई करते, हाताची थापी कुठे दबते, सगळं त्याला तोंडपाठ असतं. आणि उशिरा शिकलेल्याला पथकापुढे उभं केलं की बाकीच्या उशिरा शिकणाऱ्यांच्या पाठीचा कणाही जरा ताठ होतो.

न्यूयॉर्कमध्ये ऑर्फियस नावाचा वाद्यवृंद आहे. 1972 पासून तो संचालकाशिवाय वाजवतो. समोर छडी घेऊन कोणी उभंच नसतं. प्रत्येक रचनेसाठी त्यांच्यातला वेगळा गट पुढाकार घेतो आणि पुढच्या रचनेला तो मागे बसतो. तालमीत एखादा वादक उठतो, श्रोत्यांच्या जागी जाऊन बसतो, आणि तिथून कसं ऐकू येतंय ते परत येऊन सांगतो. तुमच्या सव्वाशे ढोलांना प्रमुखाशिवाय लक्ष्मी रस्त्यावर सोडा असं मी म्हणत नाही, मागे सांगितलेला आवाजाचा हिशेब ते होऊ देणार नाही. पण ही बाहेर जाऊन ऐकायची सवय उचलण्यासारखी आहे. रोज सरावाला एका वादकाने ढोल सोडायचा, वीस-पंचवीस पावलं लांब जायचं, एक पूर्ण वादन ऐकायचं आणि परत येऊन सर्वांसमोर बोलायचं. ताशे ढोलांखाली गडप होतात का, झांज एका बाजूला वेगळी पडते का, शेवटच्या दोन रांगा मागे राहतात का. ज्याने रांगेत उभं राहून महिनाभर फक्त स्वतःचा ढोल ऐकला, त्याला पथक कसं वाजतं हे पहिल्यांदा तिथे कळतं. आणि आपल्याहून मोठ्या माणसाला, त्याला न दुखावता, तुझा ताशा पुढे पळतोय असं सांगायची सवय लागते. ही सवय मला तर्रीहून अवघड वाटते.

आता ओरडण्याविषयी. यावर मी जास्त लिहिणार आहे, रागावू नका. सरावाला उशिरा आला की उठाबशा. हात चुकला की ढोल घेऊन मैदानाला फेऱ्या. पुन्हा चुकला की सगळ्यांसमोर आईवरून, बापावरून. याला आपण शिस्त म्हणतो, आणि ज्यांनी ते सोसलं तेच पुढे प्रमुख होऊन तसंच करतात. पथकाला शिस्त लागते याबद्दल माझं दुमत नाही. टेम्पोत ढोल चढवताना, दोरीबाहेर गर्दी रेटत असताना, सूचना एकदाच दिली जाते आणि ती पाळली जावी लागते. पण उठाबशांनी शिस्त येत नाही, पळवाट येते. उशीर होणारं पोरगं दुसऱ्या दिवशी उशिरा येण्याऐवजी येतच नाही, आणि तुम्ही म्हणता, तेवढा कट्टर नव्हता.

माझ्या वर्गातले किती जण असे गळाले हे मला ठाऊक आहे. कोणाची प्रात्यक्षिकं पाचला संपतात, कोणी दुपारनंतर दुकानात काम करतं, कोणाला हडपसरहून दोन बस बदलून यावं लागतं. उशीर का झाला, हा प्रश्न त्यांना कोणी विचारला नव्हता. तो विचारणं हा प्रमुखाचा मऊपणा नाही, कामाचा भाग आहे. उत्तर ऐकल्यावर वेळ पाळायला सांगायचं की त्याची रांग बदलायची की त्याला ध्वजाकडे वळवायचं, हे ठरवता येतं. न विचारता फक्त उठाबशा काढून घेता येतात.

यात एक व्यवहारही आहे. पथकाच्या आत इतका आवाज असतो की ओरडण्याचा काही उपयोगच नाही. ज्या प्रमुखाचं सगळं वजन त्याच्या घशात आहे, तो मिरवणुकीत पहिला ताशा वाजल्याबरोबर निरुपयोगी होतो. तिथे चालते ती बोटांची खूण आणि नजर. सरावात ज्याने नजरेने काम करायची सवय लावली नाही, त्याच्याकडे मिरवणुकीत कोणी बघत नाही. सगळे खाली मान घालून वाजवतात आणि वादन संपायची वाट बघतात.

मुलींबद्दल. आता जवळजवळ प्रत्येक पथकात मुली आहेत, काहींत मुलांहून जास्त. बातम्यांत फोटोही त्यांचेच छापून येतात, नऊवारी, नथ, फेटा. पण वाद्यपूजनाच्या निमंत्रणपत्रिकेवर प्रमुखांची नावं वाचा. मुलगी असलीच तर ध्वजप्रमुख, नाहीतर ‘महिला समन्वयक’. म्हणजे मुलींनी मुलींचं बघायचं, आणि ताशाची आघाडी, मंडळाशी बोलणी, पैसे हे बाकीच्यांनी. मी ताशा वाजवायचे तेव्हाही हेच होतं. तेव्हा मुली मोजक्या होत्या, निदान एक सबब तरी होती. आज नाही.

मुलगी निर्णयाच्या जागी असली की काय बदलतं, याचं एक उदाहरण. मिरवणूक अठ्ठावीस-तीस तास चालते. तुमचं पथक रांगेत सहा-सात तास उभं राहतं, कधी त्याहून जास्त. त्या वेळात मुलींनी स्वच्छतागृहाला कुठे जायचं? बऱ्याच जणी सकाळपासून पाणी पीत नाहीत. ऑगस्ट-सप्टेंबरच्या उकाड्यात, कंबरेला ढोल बांधून, पाणी न पिता. मग चक्कर येते आणि आपण म्हणतो, नीट खाऊन यायला काय होतं. ज्या एका पथकात नियोजन मुलीकडे होतं, तिथे तिने आठवडाभर आधी नारायण पेठ, सदाशिव पेठ पालथी घालून ओळखीच्या घरांची आणि एका मंगल कार्यालयाची सोय केली, कोणत्या चौकातून कोणी कधी जायचं याची यादी केली, पाळ्या लावल्या. खर्च शून्य. आधीच्या कुठल्या प्रमुखाला हे सुचलं नव्हतं, आणि ते काही वाईट लोक नव्हते.

पैशांचं थोडक्यात. सुपारी किती मिळाली, टेम्पो, पानं, दोऱ्या, पोशाख, नाश्ता यांवर किती गेले, उरलेले कुठे दिले, हे वर्षातून एकदा सगळ्या वादकांसमोर वाचून दाखवा. हिशेब ठेवायचं काम वाणिज्य शाखेच्या एखाद्या दुसऱ्या वर्षाच्या पोराकडे द्या. पैसे कमी असोत की जास्त, लपवले की कुजबुज सुरू होते आणि पथकं फुटतात ती पुष्कळदा तिथूनच.

कानांचं मात्र थोडक्यात आटपता येणार नाही. सीओईपी या अभियांत्रिकी संस्थेचे विद्यार्थी दर वर्षी विसर्जनाला लक्ष्मी रस्त्यावर चौकाचौकांत उभे राहून आवाज मोजतात. काही वर्षी त्यांची सरासरीच शंभर डेसिबलच्या पुढे गेली आहे. ती रस्त्यावरची, पथकाच्या पोटात त्याहून जास्त. कामगारांच्या कानांसाठी अमेरिकेतल्या एनआयओएसएच या संस्थेने जी मर्यादा सुचवली आहे ती अशी: 85 डेसिबलला आठ तास, आणि पुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मा. 88 ला चार तास, 91 ला दोन. असं करत शंभरपर्यंत पोचलात की हातात पंधरा मिनिटं उरतात. आपली पोरं दोन महिने रोज दोन-अडीच तास सराव करतात. वादनानंतर कान वाजणं हे आपण आनंदाने एकमेकांना सांगतो. ती कानाने केलेली तक्रार आहे. आतल्या ज्या सूक्ष्म केसपेशी आवाज टिपतात त्या एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. कानात घालायची बोंडं औषधाच्या दुकानात स्वस्तात मिळतात. ती कोणी घालत नाही, कारण प्रमुख घालत नाही. तुम्ही पहिल्या दिवशी सगळ्यांसमोर घाला, आठवड्यात निम्मं पथक घालेल. त्यासाठी वेगळं भाषण लागणार नाही.

शेवटचा विषय सर्वांत अवघड, कारण तो तुमच्याबद्दल आहे. पथक सुरू केलंत तेव्हा तुम्ही वीस-बावीसचे होता. आता नोकरी आहे, घर आहे, काहींची मुलं पथकात यायच्या वयाची झाली. तरी प्रमुख तुम्हीच. तुम्ही खस्ता खाल्ल्यात, स्वतःच्या खिशातून ढोल घेतलेत, पावसात गोदामाला ताडपत्री घातलीत, हे सगळं खरं. पण तुमच्या सावलीत जी पोरं पाच-सहा वर्षं वाट बघतात, त्यांच्यापुढे दोनच रस्ते असतात. कंटाळून जायचं, नाहीतर पंधरा-वीस जणांना घेऊन फुटायचं. पुण्यात दर वर्षी नवी पथकं निघतात याला आपण उत्साह म्हणतो. त्यातल्या बऱ्याच ठिकाणी मूळ कारण एवढंच असतं की जुन्या पथकात वर जायला जागा नव्हती. फुटताना ही पोरं ढोल नेत नाहीत, हात नेतात, आणि तुमची ओरडण्याची पद्धतही नेतात.

पद दोन वर्षांचं करा. फार तर तीन. पहिल्या वर्षी पुढचा प्रमुख तुमच्या बाजूला उभा राहील, दुसऱ्या वर्षी तुम्ही त्याच्या बाजूला. मानाच्या मंडळासमोरचं वादन त्याच्याकडे द्या, उपनगरातल्या एखाद्या छोट्या सुपारीवर त्याची बोळवण करू नका. तो चुकेल. लय चढेल, एखादा हात कोसळेल, मंडळाचा कार्यकर्ता तुमच्याकडे बघेल. त्या क्षणी पुढे होऊन हात वर करायचा मोह तुम्हाला होईलच. तेव्हा हात खाली ठेवा. तुम्ही एकदा पुढे झालात की त्या पोराकडे पुन्हा कोणी बघणार नाही, त्या दिवशीच नाही, त्या वर्षभरात नाही. कोसळलेला हात दोन मिनिटांत सावरतो आणि गर्दीला तो कळतही नाही.

विसर्जन झाल्यावर आपण काय करतो तेही सांगते. झोपतो. मग ढोल गोदामात जातात, आभाराचे फोटो पडतात आणि पथक पुढच्या जूनपर्यंत गायब. त्याऐवजी आठवड्याभरात एक बैठक घ्या, आणि ती तुम्ही चालवू नका. पहिल्या वर्षाच्या वादकांना आधी बोलू द्या, जुन्यांनी शेवटी. कोणाला काय लागलं, कोण का मध्येच निघून गेलं, कुठे भीती वाटली, कोणाचं बोलणं टोचलं. प्रमुखाने तिथे उत्तर द्यायचं नाही, वहीत लिहून घ्यायचं. दोन तास गप्प बसून ऐकून घेणं तुम्हाला जड जाईल, हे मी तुम्हाला ओळखते म्हणून सांगते. पुढच्या वर्षीचे प्रमुख त्याच बैठकीत ठरवा, सर्वांसमोर, कारणं सांगून. मग जूनमध्ये टपरीवर नुसता चहा प्या.

यंदाही मी दुपारपासून टिळक चौकात असेन, नेहमीच्या कोपऱ्यावर, कानात बोंडं घालून. तुमचं पथक आलं की शेवटचा हात कोण थांबवतं ते बघेन. गेल्या वर्षीचाच चेहरा असला, तर या पत्राचं उत्तर मला मिळालं असं समजेन. नवीन असला तर नंतर येऊन भेटा. चहा माझ्याकडून.

कळावे,

आपली,
पूर्वाश्रमीची एक ताशावादक